अठराव्या वर्षी डॉक्टर बदलताना

जन्मतः असलेला किंवा लहानपणी जडलेला आणि पुढे आयुष्यभर सोबत राहणारा आजार घेऊन वाढणाऱ्या मुलाला एक ना एक दिवस बालरोगतज्ज्ञाचा दवाखाना सोडावा लागतो. थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया, टाइप वन मधुमेह, जन्मजात हृदयदोष, अपस्मार, मूत्रपिंडाचे जुनाट विकार, बालसंधिवात ही अशा आजारांची नेहमीची नावे. मूल वाढते, आजार जात नाही, आणि ज्या डॉक्टरांनी त्याला दुधाच्या दातांपासून पाहिले त्यांच्या दारावर वयाची मर्यादा लिहिलेली असते. पलीकडे मोठ्यांच्या ओपीडी सुरू होतात. दोन दारांमधले अंतर कधी एक जिना, कधी एक रस्ता. मुंबईत परळला मुलांचे वाडिया रुग्णालय आणि मोठ्यांचे केईएम तर एकमेकांच्या शेजारीच आहेत. पण अंतर केवढेही असो, ते ओलांडताना जगभर मुले हरवतात. तपासण्या चुकतात, गोळ्या बंद पडतात, आणि वर्ष-दोन वर्षांनी हीच मुले एकदम अपघात विभागात, गंभीर अवस्थेत दिसतात.

वैद्यकाने या प्रवासासाठी दोन वेगळे शब्द ठेवले आहेत. ट्रान्सफर म्हणजे केसपेपर एका विभागातून दुसऱ्या विभागात जाणे. ते एका सकाळचे काम. ट्रान्झिशन म्हणजे त्याआधी आणि त्यानंतर काही वर्षे चालणारी तयारी. १९९३ मध्ये अमेरिकेतील किशोरवैद्यक संघटनेने तिची जी व्याख्या केली तीत 'हेतुपुरस्सर' आणि 'आखून केलेले' या दोन गोष्टींवर भर होता. व्याख्या बाजूला ठेवून घरात काय घडते ते पाहिले, तर आजार आईच्या हातातून मुलाच्या हातात जातो. गोळ्या कधी संपतात, मागच्या वेळी डॉक्टर काय म्हणाले, कोणत्या औषधाने अंगावर चट्टे उठले होते, हे सगळे तोवर आईला पाठ असते आणि रिपोर्टांची पिशवीही तिच्याच कपाटात असते. केसपेपर पुढे गेला आणि ही माहिती मागेच राहिली, तर बदली झाली पण संक्रमण झाले नाही.

हा प्रश्न तुलनेने नवा आहे, कारण पूर्वी ही मुले मोठी होतच नसत. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्याआधी टाइप वन मधुमेह झालेले मूल निदानानंतर काही महिने, फार तर एक-दोन वर्षे जगे. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आल्फ्रेड ब्लॅलॉक, हेलन टॉसिग आणि व्हिव्हियन थॉमस यांच्या प्रयत्नातून एका निळ्या पडलेल्या तान्ह्या मुलीवर शस्त्रक्रिया झाली आणि जन्मजात हृदयदोषांच्या उपचारांचा रस्ता खुला झाला. आज अमेरिकेत जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांपेक्षा तसे दोष असलेली मोठी माणसे संख्येने जास्त आहेत. थॅलेसेमिया मेजरची मुले नियमित रक्त चढवायला लागल्यावर तगू लागली, पण त्याच रक्तातले लोह हृदयात साचून विशीच्या आसपास जात. शरीरातले लोह बाहेर काढणारी औषधे आली आणि त्यांचे आयुष्य लांबले. त्यांपैकी डेफेरिप्रोन या तोंडाने घ्यायच्या गोळीला जगात सर्वप्रथम परवानगी मिळाली ती भारतात, १९९०च्या दशकात. बालरोगशास्त्राने मुले वाचवली, पण ती मोठी झाल्यावर कोणाकडे जातील याचा विचार बऱ्याच उशिरा झाला.

बालरोग विभाग आणि मोठ्यांचा विभाग यांचे वागणेच वेगळे असते. मुलांच्या ओपीडीत डॉक्टर बोलतात ते आईवडिलांशी. तारीख चुकली तर सिस्टर घरी फोन करते. सुई टोचण्याआधी भुलवणे असते, भिंतीवर ससे आणि हत्ती असतात. रक्त, आहार, समुपदेशन, कधीकधी शाळेची चिठ्ठीसुद्धा एकाच छताखाली मिळते. मोठ्यांच्या ओपीडीत नंबर लागतो, रुग्ण एकटा आत जातो आणि डॉक्टर विचारतात, "काय होतंय?" या प्रश्नाला स्वतः उत्तर द्यायची सवय नसलेला अठरा वर्षांचा मुलगा मागे वळून आईकडे बघतो. मोठ्यांच्या डॉक्टरांचे चुकते असे नाही. त्यांच्यासमोर दिवसाला शंभर माणसे असतात आणि त्यातली बहुतेक आपापला आजार सांगू शकतात. शिवाय बालपणीचे काही आजार त्यांच्या अभ्यासक्रमात ओझरतेच येऊन गेलेले असतात. ज्या आजाराची मुले काल-परवापर्यंत विशीपलीकडे जातच नव्हती, तो आजार चाळिशीत कसा वागतो हे शिकवणार तरी कोण?

भारतात यात आणखी एक गुंता आहे. बालरोग कुठे संपतो यावर एकमत नाही. बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना १८ वर्षे मानते. अनेक सरकारी रुग्णालयांत मात्र बाराव्या वर्षानंतर मुलाला मोठ्यांच्या वॉर्डात दाखल करतात. तिथे सातवीतल्या मुलीच्या शेजारच्या खाटेवर दारूने यकृत गेलेला माणूस नसला, तरी पक्षाघात झालेली आजी असतेच. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अंगणवाड्या-शाळांतील मुलांची तपासणी करून हृदयदोषासारख्या विकारांवर मोफत शस्त्रक्रिया घडवून आणतो. त्याचा आवाका जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत. त्यानंतर त्याच हृदयाचे काय, याचे उत्तर त्या योजनेच्या हद्दीबाहेर पडते. खासगी दवाखान्यांत याउलट चित्र. तिथे मर्यादा सैल असते आणि चोवीस वर्षांचा, दाढी असलेला मधुमेही बालरोगतज्ज्ञाच्या बाकावर लहानग्यांच्या रांगेत बसलेला दिसतो. त्याला जावेसे वाटत नाही आणि डॉक्टरांना सोडवत नाही.

बदलीचे वय नेमके शरीर आणि मन ढवळून निघण्याच्या वयाशी येऊन भिडते, ही खरी अडचण आहे. टाइप वन मधुमेहात ती सर्वांत ठळक दिसते. वयात येताना शरीरात वाढीचे संप्रेरक जोरात असते आणि ते इन्सुलिनच्या कामात आडवे येते. दहाव्या वर्षी जेवढे इन्सुलिन पुरत होते तेवढे चौदाव्या वर्षी पुरत नाही. नियम पाळूनही साखर वर जाते. घरच्यांना वाटते, पोरगा चोरून खातो. पोराला वाटते, इतके करूनही बोलणीच खायची तर करायचे कशाला? मग मित्रांसमोर इन्सुलिन टोचायला नको म्हणून दुपारचा डोस टाळला जातो, साखर न तपासताच वहीत बरी दिसणारी आकडेवारी लिहिली जाते. वजन उतरावे म्हणून मुद्दाम इन्सुलिन कमी घेणाऱ्या मुलीही असतात आणि हे डॉक्टरांना आपणहून कोणी सांगत नाही. इन्सुलिन पूर्ण बंद पडले तर एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल साचते, उलट्या होतात, श्वास खोल आणि भरभर चालतो, आणि मग जिवाशी गाठ असते.

याच सुमारास बारावी होते आणि मुलगा शिकायला बाहेरगावी जातो. हॉस्टेलच्या खोलीत फ्रिज नसतो. मेसचे जेवण आठला मिळेल की साडेनऊला, हे वाढप्यालाही सांगता येत नाही. इन्सुलिन उन्हाळ्यात कुठे ठेवायचे, हा प्रश्न वर्षानुवर्षे आईने फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात सोडवलेला असतो. फ्रिज नसलेल्या घरांत वापरला जाणारा तोडगा इथेही चालतो. बाटली पाणी शिरणार नाही अशा डबीत घालायची, आणि ती डबी ओल्या वाळूच्या किंवा पाण्याच्या मडक्यात ठेवायची. मडके पाझरते, पाणी उडते, आतला गारवा टिकतो. हे मुलाला ठाऊक असेल तर तो एप्रिलमध्ये निभावतो. ठाऊक नसेल तर उन्हाने निकामी झालेले इन्सुलिन टोचत राहतो आणि साखर का उतरत नाही याचा विचार करत बसतो. कॉलेजच्या गावात तो पहिल्यांदा नव्या डॉक्टरांकडे जातो तेव्हा बाकावर शेजारी पन्नाशी-साठीचे लोक असतात. सगळ्यांना मधुमेहच, पण टाइप टू. कोणी काका आपुलकीने सांगतात, "अरे, माझी शुगर कारल्याच्या रसाने उतरली, इंजेक्शनची सवय लावून घेऊ नकोस." काकांचे शरीर थोडेफार इन्सुलिन बनवते, मुलाचे जवळजवळ काहीच बनवत नाही, हा फरक त्याला स्वतःला पक्का समजलेला असावा लागतो. तो समजावणे हे बालरोगतज्ज्ञाच्या शेवटच्या कामांपैकी एक.

मेंदूचाही भाग आहे. परिणामांचा आधी विचार करणे, आजचा मोह उद्यासाठी आवरणे ही कामे ज्या पुढच्या भागाकडून होतात तो भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असतो. कायद्याने माणूस अठराव्या वाढदिवशी सज्ञान होतो, पण मेंदू कॅलेंडर पाहत नाही. म्हणून बदलीचे वय ठरवताना जन्मतारखेपेक्षा तयारी पाहावी, असे या क्षेत्रातले जाणकार सांगतात. दहावी-बारावीच्या वर्षात, आजार बळावलेला असताना किंवा घरात नुकताच कोणाचा मृत्यू झाला असताना बदली टाळावी, हा साधा सल्लाही त्यांच्याच अनुभवातून आला आहे.

तयारीशिवाय केलेल्या बदलीची किंमत काही ठिकाणी मोजली गेली आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या बाल-मूत्रपिंडतज्ज्ञांनी २००० साली आपल्या २० तरुण रुग्णांचा मागोवा प्रसिद्ध केला. सर्वांचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले होते आणि सर्वांना मोठ्यांच्या विभागात पाठवले होते. ३६ महिन्यांच्या आत त्यांतील ८ जणांचे मूत्रपिंड निकामी झाले. प्रत्यारोपित अवयव शरीराने नाकारू नये म्हणून रोज गोळ्या घ्याव्या लागतात. त्या थांबल्या की लगेच काही दुखत नाही. काही आठवडे सगळे ठीक वाटते, आणि मग आईने किंवा वडिलांनी दिलेले मूत्रपिंड जाते. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात जन्मजात हृदयदोष असलेल्यांचा पाठपुरावा झाला तेव्हा सहाव्या वाढदिवसानंतर २८ टक्के, तेराव्यानंतर ४७ टक्के आणि अठराव्यानंतर ६१ टक्के मुले हृदयरोगतज्ज्ञाकडे फिरकलीच नव्हती. म्हणजे गळती अठराव्या वर्षी सुरू होत नाही, ती आधीपासून चालू असते. अमेरिकेत डॅलसमध्ये जन्मापासून नोंद ठेवलेल्या सिकलसेलच्या मुलांपैकी बहुतेक सगळी अठरा वर्षांपर्यंत जगली, आणि अलीकडचे मृत्यू मुख्यतः मोठ्यांच्या विभागात गेल्यावर थोड्याच काळात झाले, असे दिसले.

हृदयाच्या मुलांत गळती एवढी का, याचे कारण एका शब्दात दडले आहे. ऑपरेशननंतर घरी सांगितले जाते, "आता बरा झाला." टेट्रालॉजी ऑफ फॅलो या दोषात लहानपणी छिद्र बुजवतात आणि फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट रुंद करतात. मूल गुलाबी होते, धावते, क्रिकेट खेळते. पण वाट रुंद करताना तिथली झडप बहुधा गळकी राहते. उजवा कप्पा वर्षानुवर्षे जास्तीचे रक्त पेलत फुगत जातो आणि विशी-तिशीत झडप बदलायची वेळ येते. ती वेळ धाप लागण्याआधी ओळखायची असते, तीही इको आणि एमआरआय तपासून. छातीवरच्या व्रणाचा अर्थ ज्या मुलाला कधी सांगितलाच गेला नाही, तो या तपासणीला का येईल? दुरुस्त झालेले हृदय आणि निरोगी हृदय यांतला फरक आईवडिलांना कळला असला, तरी ते सांगत नाहीत. मुलाच्या मनात भीती नको, आणि खरे तर पुढे स्थळे यायची असतात.

या प्रश्नाकडे सरकारी पातळीवर लक्ष वेधणाऱ्यांत अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल सी. एव्हरेट कूप यांचे नाव पुढे येते. ते स्वतः मुलांचे शल्यविशारद. ज्या तान्ह्यांना त्यांनी टाके घातले ती आता मोठी होऊन त्यांच्याभोवती फिरत होती. १९८०च्या दशकात त्यांनी या विषयावर राष्ट्रीय परिषदा भरवल्या, त्यांतली १९८९ची परिषद नेमकी याच बदलीवर होती. २००२ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञ, कौटुंबिक डॉक्टर आणि फिजिशियन यांच्या संघटनांनी संयुक्त निवेदन काढले. ब्रिटनमध्ये साउदॅम्प्टनच्या मुलांच्या रुग्णालयाने 'रेडी स्टेडी गो' या नावाने टप्प्याटप्प्याच्या प्रश्नावल्या तयार केल्या, आणि २०१६ मध्ये नाइस या संस्थेने देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. तेरा-चौदाव्या वर्षीच आखणी सुरू करा, प्रत्येक मुलासाठी एक ओळखीचा माणूस नेमा आणि त्याने बदलीच्या आधी व नंतर किमान सहा महिने सोबत राहावे, असा त्यांचा गाभा. हा माणूस डॉक्टरच हवा असे नाही. परिचारिका चालते, समाजसेवकही चालतो.

प्रत्यक्ष काम बारा-तेराव्या वर्षी एका छोट्या गोष्टीने सुरू होते. डॉक्टर आईला म्हणतात, "ताई, तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसता का?" आपल्याकडे या वाक्याने अनेकदा आईचा चेहरा उतरतो. माझ्यापासून लपवण्यासारखे काय आहे, असे तिला वाटते. म्हणून हे एकदम सुरू न करता सगळ्यांसाठी हाच नियम आहे, असे आधीच सांगून ठेवणारे डॉक्टर शहाणे. पहिल्या एक-दोन भेटींत मूल गप्प बसते. तिसऱ्या भेटीत ते विचारते, गोळ्या घेऊन उपास केला तर चालेल का, जिममध्ये वजन उचलले तर काय होईल, मला मूल होईल का. घर, शाळा, मित्र, व्यसने, लैंगिकता, मनाची अवस्था अशा क्रमाने सोप्याकडून अवघडाकडे जाणारी प्रश्नांची एक पद्धत किशोरांच्या डॉक्टरांमध्ये रूढ आहे. सिगारेटबद्दल आधी विचारणारा डॉक्टर खरे उत्तर क्वचितच मिळवतो.

त्यानंतर कौशल्ये. आजाराचे नाव स्वतःच्या शब्दांत सांगता येणे. औषधांची नावे आणि मात्रा. 'ती पांढरी आणि ती अर्धी गुलाबी' एवढ्यावर भागत नाही. औषध संपण्याआधी चार दिवस दुकानात जाणे. अपॉइंटमेंटसाठी स्वतः फोन करणे. धोक्याची लक्षणे कोणती आणि ती दिसल्यास कुठे जायचे. हिमोफिलियाच्या मुलांनी स्वतःच्या शिरेत रक्त गोठवणारा फॅक्टर स्वतः टोचायला शिकणे. ही यादी ऐकायला सोपी वाटते, पण यातला फोन करणे हा भाग बहुतेकांना सुईपेक्षा अवघड जातो, असे समुपदेशक हसून सांगतात. कौशल्य आले की नाही हे तपासायचा सरळ मार्ग म्हणजे मुलालाच शिकवायला लावणे. पुढच्या भेटीत आई गप्प आणि मुलगा बोलतोय, असे झाले की गाडी रुळावर आहे.

थॅलेसेमियात हे काम कसे दिसते ते पाहण्यासारखे आहे. मेजरच्या रुग्णाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते आणि ते बाहेर टाकायची शरीराकडे सोय नाही. ते हृदय, यकृत आणि संप्रेरकांच्या ग्रंथींत साचते. म्हणून लोह उतरवणारे औषध रोज. जुन्या पद्धतीत पोटाच्या कातडीखाली सुई खोचून छोट्या पंपाने रात्रभर औषध सोडत, आठवड्यातल्या पाच-सहा रात्री. आता तोंडाने घ्यायच्या गोळ्या आहेत. पंप लावायचे काम आईचे होते आणि सोळाव्या वर्षी 'मी लावतो' म्हणणारा मुलगा तो लावायचाच असे नाही. रक्त न चढवल्यास थकवा येतो, म्हणून ते कोणी चुकवत नाही. गोळी चुकवल्याने उद्या काहीच होत नाही. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा फेरिटिनचा आकडा हजाराच्या खाली राहायला हवा, तो हळूहळू अडीच हजार, चार हजार होतो आणि पंचविशीत हृदय अडखळते. मुलाने दर वेळी स्वतःचा फेरिटिनचा आकडा स्वतःच्या वहीत लिहिणे, हा यावरचा एक स्वस्त उपाय. आकडा आईच्या फाइलमधून मुलाच्या वहीत आला की निदान नजर तरी त्यावर जाते. थॅलेसेमियाच्या रुग्णांना आणखी एक कौशल्य लागते, ते म्हणजे रक्तपेढीत फोन करून आपला गट, आपल्यात तयार झालेली प्रतिपिंडे आणि तारीख नीट सांगणे. बदलीनंतर पलंग बदलतो, सिस्टर बदलते. रक्तपेढीही बदलली तर ही माहिती रुग्णाने स्वतःच सांगावी लागते.

बदलीच्या कागदपत्रांत सर्वांत मोलाचा कागद एकच, तो म्हणजे सारांशपत्र. पंधरा वर्षांची फाइल चार इंच जाड असते आणि नव्या डॉक्टरांना ती वाचायला वेळ नसतो. सारांशपत्रात एका पानावर निदान आणि त्याची तारीख, झालेल्या शस्त्रक्रिया, आजची औषधे, पूर्वी सोसली नाहीत ती औषधे, लसी, शेवटच्या तपासण्यांचे आकडे, तातडीच्या वेळी काय करावे आणि काय करू नये, आणि जुन्या डॉक्टरांचा फोन नंबर एवढे असले की पुरे. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये नेमके काय जोडले आणि काय तोडले याचे चित्र काढून दिलेले असेल तर उत्तमच. हे पान मुलाने वाचलेले असावे आणि त्याचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये असावा. फाइल घरी राहते, मोबाइल राहत नाही.

दुसरी उपयोगी प्रथा म्हणजे संयुक्त ओपीडी. जुने आणि नवे डॉक्टर एकाच खोलीत बसतात आणि मुलाला एकत्र पाहतात. जुन्या डॉक्टरांना नव्या डॉक्टरांशी हसून बोलताना पाहिले की आईचाही निम्मा विरोध मावळतो. ऑक्सफर्डमध्ये प्रत्यारोपण झालेल्या तरुणांसाठी अशी संयुक्त सेवा आणि रुग्णालयाबाहेर भेटीगाठींची सोय सुरू झाली. त्याआधी थेट पाठवलेल्या ९ जणांपैकी ६ जणांचे मूत्रपिंड गेले होते. नव्या पद्धतीने गेलेल्या १२ जणांपैकी एकाचेही गेले नाही. आकडे लहान आहेत, पण बोलके आहेत. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताने २००२ मध्ये आणखी साधी गोष्ट केली. मधुमेही तरुणांसाठी एक माणूस नेमला, ज्याचे काम फोन करणे, पत्ते सांगणे, चुकलेली तारीख पुन्हा मिळवून देणे. महागडे यंत्र नाही, इमारत नाही. आपल्या सरकारी रुग्णालयांतले समाजसेवा अधीक्षक हे काम करू शकतात, तेवढी माणसे असतील तर.

मुलींच्या बाबतीत या सगळ्यावर लग्नाची सावली असते. अपस्मारासाठी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मुलीला ते औषध गर्भाला घातक आहे हे गर्भ राहण्याआधी कळायला हवे, म्हणजे वेळेत बदलता येते. कृत्रिम झडप असलेल्या मुलीला रक्त गोठू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या वॉरफरिनचेही तसेच. काही हृदयदोषांत इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढवतात. सिकलसेलमध्ये हायड्रॉक्सीयुरिया घेणाऱ्यांनी, मुलगा असो की मुलगी, मूल हवे असल्यास आधी डॉक्टरांशी बोलायचे असते. बालरोगतज्ज्ञाला हे विषय काढायचा संकोच वाटतो आणि नव्या डॉक्टरांना वाटते ते आधीच बोलून झाले असेल. मधल्या काळात मुलीचे लग्न ठरते, सासरी आजार सांगितलेला नसतो, आणि गोळ्या लपवून घेता येत नाहीत म्हणून बंद होतात. महाराष्ट्रात गडचिरोली आणि विदर्भाच्या इतर जिल्ह्यांत, तसेच नंदुरबारमध्ये सिकलसेल आढळतो. आजार मुलांत उतरू नये म्हणून तिथे लग्नाआधी दोघांचीही रक्ततपासणी करण्याचा आग्रह धरला जातो. थॅलेसेमिया मेजर असलेल्या व्यक्तीचा जोडीदार वाहक नसेल तर मुले फक्त वाहक होतात. जोडीदार वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर असण्याची शक्यता निम्मी. हे गणित अठराव्या वर्षाच्या आत, आईवडिलांच्या आधी त्या मुलाला किंवा मुलीला समजले पाहिजे.

काही मुले आजाराची सूत्रे कधीच पूर्ण हातात घेऊ शकणार नाहीत. बौद्धिक अक्षमता, तीव्र स्वमग्नता किंवा मेंदूचा पक्षाघात असलेल्यांच्या बाबतीत अठराव्या वाढदिवशी वेगळाच पेच पडतो. कायद्याने ती सज्ञान होतात आणि आईवडिलांचा नैसर्गिक पालक म्हणून असलेला अधिकार संपतो. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समितीची व्यवस्था केली आहे. तिच्याकडे अर्ज करून पालकत्व घेता येते. बँक, विमा किंवा मोठी शस्त्रक्रिया समोर उभी राहीपर्यंत अनेक घरांना याचा पत्ता नसतो. संक्रमणाच्या आखणीत हा अर्ज सतराव्या वर्षीच यायला हवा.

कागदांचा विषय निघालाच आहे, तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे तिन्ही आहेत. दिव्यांग प्रमाणपत्र आणि ओळखपत्र अठरा वर्षांच्या आत काढलेले असले, तरी मुदत आणि वय पाहून ते नवे करावे लागते. कॉलेजप्रवेश, बस-रेल्वेची सवलत, नोकरी यांसाठी पुढे तेच लागते. सीबीएसईने २०१७ मध्ये मधुमेही विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळे व पाणी जवळ ठेवायला परवानगी दिली, पण त्यासाठी डॉक्टरांचे पत्र लागते. ते पत्र मागायला मुलाने स्वतः जावे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणते उपचार बसतात, रुग्णालय यादीत आहे का, हे बदलीआधी पाहून घ्यावे, कारण मुलांच्या रुग्णालयात जे मोफत होत होते ते पुढे तसेच राहील असे गृहीत धरता येत नाही.

नव्या विभागातल्या पहिल्या भेटीने बदली पूर्ण झाली असे मानत नाहीत. बालरोग विभागाने त्या तारखेनंतर फोन करून मुलगा गेला का, औषधे तीच चालू आहेत का, हे विचारायचे असते. नव्या विभागाने निदान पहिल्या दोन भेटींत तोच डॉक्टर भेटेल असे पाहावे, असे नाइसच्या सूचना सांगतात. मोठ्या सरकारी ओपीडीत जिथे निवासी डॉक्टर दर काही महिन्यांनी बदलतात, तिथे हे जमवणे अवघड, पण निदान वार ठरवून देता येतो: "मंगळवारी ये, मीच असेन." मुलगा दोनदा आला नाही तर जुन्या ओळखीच्या माणसाला कळवले जाते. नव्या डॉक्टरांकडून रुग्ण स्वीकारल्याची चिठ्ठी बालरोग विभागाच्या फाइलमध्ये आली की तिथल्या रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढची ओळ बंद करतात.